प्रकल्प नोंदी: मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर आल्यानंतर बिघडलेल्या अक्षांश-रेखांश क्वेरी

सोमवार, ३ मार्च २०२५

मापन केंद्रांच्या सूचीचा डेटाबेस शनिवारी रात्री मायएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीवरून ८.० वर आणला. ५.७ ला निर्मात्यांकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलेला असल्याने हे काम आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता. ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मधली ८.० ची पायरी घ्यावीच लागते, म्हणून तूर्त ८.० वर थांबायचे ठरले आहे. अपग्रेडपूर्वीची तपासणी मायएसक्यूएल शेलच्या साधनाने केली होती आणि तिच्यात भौगोलिक भागाबद्दल काही निघाले नव्हते. त्यात नवल नाही, कारण ते साधन डेटाबेसच्या आत साठवलेल्या प्रोसिजर, टेबले आणि सेटिंग तपासते. आपल्या प्रोग्रॅममध्ये मजकूर म्हणून जुळवल्या जाणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारले जाणारे प्रश्न, त्याला दिसण्याचा प्रश्नच नाही.

आज सकाळपासून आलेल्या तक्रारी वरवर पाहता एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. काही पाने १३०५ क्रमांकाच्या त्रुटीने बंद पडली आहेत. ‘जवळची केंद्रे’ ही यादी जवळजवळ सर्वत्र रिकामी येते, मात्र त्रुटी कोणतीच दिसत नाही. रात्रीची आयात टोकियोच्या एका केंद्रावर ३६१७ ही त्रुटी देऊन थांबली. आणि नकाशावर नैरोबीचे केंद्र भूमध्य समुद्रात, स्पेन आणि अल्जीरियाच्या मधोमध दिसू लागले आहे.

१३०५ चा प्रश्न लगेच सुटला. ‘एसटी’ हा उपसर्ग नसलेली जुनी फंक्शनची नावे, म्हणजे एक्स, वाय, ॲझटेक्स्ट, जिओमफ्रॉमटेक्स्ट, डिस्टन्स, जीलेंग्थ इत्यादी, ५.७ मध्येच कालबाह्य ठरवली गेली होती आणि ८.० मध्ये ती काढून टाकली आहेत. सगळ्या कोडमध्ये ही नावे शोधून उपसर्गासह नवी घातली. जीलेंग्थचे नवे नाव एसटी_लेंग्थ आहे, तेवढे एक लक्षात ठेवावे लागते. बाकीचे काम यांत्रिक आहे.

रिकाम्या यादीचे कारणही दुपारपर्यंत सापडले. संबंधित क्वेरीत दोन बिंदूंमधील अंतर देणाऱ्या एसटी_डिस्टन्सचे उत्तर ०.५ पेक्षा कमी असावे अशी अट आहे. ५.७ मध्ये एसआरआयडी, म्हणजे बिंदूची संदर्भ-प्रणाली सांगणारा क्रमांक, काहीही असला तरी सारे गणित सपाट कागदावर केल्याप्रमाणे होत असे, त्यामुळे उत्तर अंशांत येई. ८.० मध्ये एसआरआयडी ४३२६ (नेहमीच्या अक्षांश-रेखांशांची जागतिक प्रणाली) असेल, तर तेच फंक्शन पृथ्वीच्या लंबवर्तुळाकृती प्रतिमानावरील अंतर मीटरमध्ये देते. लंडन आणि पॅरिस यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ५.७ च्या बॅकअपवर सुमारे ३.६३ येते आणि ८.० वर तेच सुमारे ३४४ किलोमीटर, म्हणजे तीन लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरात. आपली अट मात्र ‘अर्ध्या मीटरच्या आतली केंद्रे दाखवा’ अशी झाली आहे, आणि डेटाबेस ती अगदी प्रामाणिकपणे पाळतो आहे.

येथे ०.५ च्या जागी मीटरचा एखादा आकडा लिहून मोकळे होता येणार नाही. विषुववृत्तावर अर्धा अंश म्हणजे कोणत्याही दिशेला साधारण ५५ किलोमीटर, पण ६० अक्षांशावर पूर्व-पश्चिम अर्धा अंश जेमतेम २८ किलोमीटर भरतो, तर उत्तर-दक्षिण तो ५५ च्या आसपासच राहतो. म्हणजे जुनी यादी उत्तरेकडील केंद्रांसाठी वर्तुळात नव्हे, तर उभ्या लांबट आकारात शोध घेत होती आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. वापरकर्त्यांना नेमकी किती त्रिज्या अभिप्रेत आहे हे विचारले आणि ५०,००० मीटर ही मर्यादा ठरवून घेतली. यामुळे काही ठिकाणी यादी पूर्वीपेक्षा लहान आणि काही ठिकाणी मोठी होईल. हा बदल अपग्रेडचा दोष म्हणून नोंदवला जाऊ नये, यासाठी तो वेगळ्या निवेदनात कळवला आहे.

मंगळवार, ४ मार्च

आजचा दिवस नैरोबीच्या केंद्रावर गेला, आणि तो तसा जाणे आवश्यकच होते.

काल संध्याकाळी संघात असा निष्कर्ष निघू लागला होता की अपग्रेडच्या वेळी साठवलेल्या बिंदूंमधील अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. त्याला पुरावाही सबळ दिसत होता. अपग्रेडपूर्वी एसटी_ॲझटेक्स्टने, म्हणजे बिंदू मजकूर म्हणून छापणाऱ्या फंक्शनने, काढलेल्या यादीत नैरोबीचा बिंदू आधी ३६.८२ आणि मग −१.२९ असा होता. आज तेच फंक्शन आधी −१.२९ आणि मग ३६.८२ असे छापते. एसटी_स्वॅपएक्सवाय हे फंक्शन सर्व ओळींवर चालवून बिंदू उलटवावेत, म्हणजे नकाशा पूर्ववत होईल, असा प्रस्ताव आला. नकाशा पूर्ववत झालाही असता. तरीही तो प्रस्ताव थांबवला, कारण एसटी_ॲझटेक्स्ट काय छापते यावरून डिस्कवर काय आहे हे सिद्ध होत नाही.

डिस्कवर काय आहे ते पाहण्याचा मार्ग सोपा आहे. मायएसक्यूएल बिंदू २५ बाइटमध्ये साठवते: पहिले चार बाइट एसआरआयडीचे, एक बाइट बाइटक्रमाचा, चार बाइट आकारप्रकाराचे आणि नंतर आठ-आठ बाइटच्या दोन संख्या. ८.० मध्ये या दोन संख्यांपैकी पहिली नेहमी रेखांश मानली जाते, बाहेर छापण्याचा क्रम कोणताही असो. चाचणीसाठी रेखांश ३० आणि अक्षांश १० असा बिंदू ५.७ च्या प्रतीत घातला आणि साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने पाहिला. सुरुवातीला ई६१०००००, म्हणजे उलट्या बाइटक्रमात लिहिलेला ४३२६, मग ०१०१००००००, त्यानंतर ३ई४० ने संपणारी संख्या, म्हणजे ३०, आणि शेवटी २४४० ने संपणारी, म्हणजे १०. हीच प्रत ८.० वर नेल्यावर हेक्समध्ये एकही अंक बदलला नाही. त्यानंतर शनिवारच्या बॅकअपमधील आणि मुख्य सर्व्हरवरील सर्व जुन्या ओळींची हेक्स मूल्ये ओळक्रमांकानुसार ताडून पाहिली, फरक शून्य.

म्हणजे साठवलेली माहिती जशीच्या तशी आहे आणि बदलला आहे तो तिचा अर्थ लावणारा. ५.७ च्या दृष्टीने ४३२६ हा बिंदूसोबत वाहून नेला जाणारा एक निरर्थक आकडा होता. ८.० मध्ये तो पाच हजारांहून अधिक संदर्भ-प्रणालींच्या अंतर्गत तक्त्यातील एका व्याख्येकडे बोट दाखवतो, आणि त्या व्याख्येत पहिला अक्ष अक्षांशाचा आहे. म्हणून मजकुरातून बिंदू वाचताना आणि मजकूर म्हणून छापताना ८.० अक्षांश आधी घेते. एसटी_एक्ससुद्धा आता ‘व्याख्येतील पहिला अक्ष’ परत देते, म्हणजे ४३२६ साठी अक्षांश. आपले नकाशाचे पान एसटी_एक्सला रेखांश समजून वाचते. नैरोबी समुद्रात जाण्याचे कारण एवढेच.

(हा घोळ मायएसक्यूएलपुरता नाही. भौगोलिक माहिती लिहिण्याच्या जिओजेसन पद्धतीचे मानक आरएफसी ७९४६ रेखांश आधी लिहायला सांगते, तर आयएसओ ६७०९ अक्षांश आधी. नकाशा-सेवांच्या डब्ल्यूएमएस मानकात १.१.१ आणि १.३.० या आवृत्त्यांच्या मध्ये ४३२६ चा क्रम असाच फिरला होता, आणि २०१९ मध्ये प्रोज ६ व जीडॅल ३ या नकाशा-सॉफ्टवेअरांनीही हीच वाट धरली. पोस्टग्रेस डेटाबेसचा भौगोलिक विस्तार पोस्टजीआयएस मात्र आजही रेखांश आधीच मानते. तेव्हा ‘योग्य क्रम कोणता’ या चर्चेत वेळ घालवू नये. प्रत्येक सीमारेषेवर कोणता क्रम ओलांडला जातो, तेवढेच पाहावे.)

बुधवार, ५ मार्च

कालच्या निष्कर्षाला छेद देणारे निरीक्षण आज समोर आले आणि त्याचा उलगडा होईपर्यंत दुपार झाली.

आयातीतून रविवारी आणि सोमवारी दाखल झालेली कैरोची नवी केंद्रे नकाशाच्या पानावर अगदी बरोबर जागी दिसतात, तर कैरोची जुनी केंद्रे अलेक्झांड्रियाच्या पूर्वेला जाऊन बसली आहेत. कैरोचे अक्षांश ३०.०४ आणि रेखांश ३१.२४ असल्याने अदलाबदल झालेला बिंदू साधारण पावणेदोनशे किलोमीटर दूर, पण त्याच देशात आणि वस्तीच्या ठिकाणी पडतो, त्यामुळे केवळ नकाशा पाहून शंका यावी असे तेथे काही नाही. नवे बरोबर आणि जुने चूक, हे चित्र पाहणाऱ्या कोणालाही ‘जुना डेटा बिघडला’ असेच वाटेल. परंतु बाहेरच्या ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या जिओजेसन निर्यातीत नेमके याच्या उलट आहे: तेथे जुनी केंद्रे बरोबर आणि नवी अलेक्झांड्रियाजवळ.

दोन पाने परस्परविरोधी साक्ष देत असताना निकाल पुन्हा हेक्सने दिला. जुन्या ओळींत पहिली संख्या ३१.२४ आहे, नव्या ओळींत ३०.०४. आयातीचा प्रोग्रॅम आधी रेखांश लिहून मजकूर तयार करतो आणि ४३२६ सह एसटी_जिओमफ्रॉमटेक्स्टला देतो. ८.० त्यातील पहिली संख्या अक्षांश समजते, म्हणून अपग्रेडनंतरचे बिंदू उलटे साठवले गेले. नकाशाचे पान एसटी_एक्सने तो उलटा बिंदू उलटाच वाचते, आणि दोन उलट मिळून सुलट होते. निर्यातीतले एसटी_ॲझजिओजेसन मात्र आपल्या मानकाप्रमाणे रेखांश आधी देत असल्याने तेथे सत्य उघडे पडते.

सोमवारी जर एसटी_स्वॅपएक्सवाय सर्व ओळींवर चालवले असते, तर नकाशावर जुनी केंद्रे बरोबर दिसली असती, नवी बिघडली असती, आणि निर्यातीत याच्या अगदी उलट घडले असते. त्यानंतर कोणती ओळ कधी उलटवली होती हे शोधणे अत्यंत कठीण झाले असते.

टोकियोचे प्रकरण या दृष्टीने उपकारकच ठरले. तेथील रेखांश १३९.६९ असल्याने ८.० ला तो अक्षांश म्हणून −९० ते ९० या मर्यादेत बसवता आला नाही आणि ३६१७ ही त्रुटी आली. पण हे संरक्षण ९० पेक्षा अधिक रेखांशाच्या प्रदेशांपुरतेच आहे. संपूर्ण युरोप, संपूर्ण आफ्रिका आणि आशियाचा पश्चिम भाग येथील बिंदू उलटे झाले तरी मर्यादेतच राहतात आणि निमूटपणे साठवले जातात. त्यामुळे त्रुटींची यादी पाहून नुकसानीची व्याप्ती ठरवू नये, असे सर्वांना लेखी कळवले आहे. आयात आज सकाळपासून थांबवून ठेवली आहे.

आता बिंदू डेटाबेसमध्ये येण्याच्या वाटा तपासल्या. वेब-फॉर्ममधून येणारे बिंदू एसटी_जिओमफ्रॉमजिओजेसनमधून जातात. त्या फंक्शनचा मूळ एसआरआयडी ४३२६ आणि क्रम रेखांश-आधी, दोन्ही आवृत्त्यांत तसाच, म्हणून ती वाट निर्धोक आहे. आयातीची वाट वर सांगितल्याप्रमाणे बाधित आहे. तिसरी वाट जुन्या प्रशासकीय पानाची: ते थेट पॉइंट फंक्शन वापरते, जे दिलेल्या दोन संख्या त्याच क्रमाने साठवते पण एसआरआयडी ० ठेवते. तेथे अदलाबदल नाही, मात्र त्या ओळी ४३२६ च्या ओळींशी तुलना करता येण्याजोग्या नाहीत. दोन्ही एकाच फंक्शनला दिल्यास ३०३३ ही त्रुटी येते.

संध्याकाळच्या बैठकीत दोन पर्यायांवर चर्चा झाली. पहिला, सर्व बिंदूंचा एसआरआयडी ० करून ५.७ चे सपाट वर्तन परत आणणे. हा पर्याय टाकाऊ नाही. ज्या प्रकल्पात बिंदू केवळ नकाशावर टिंब म्हणून दाखवायचे आहेत तेथे तो सर्वांत कमी खर्चाचा ठरेल, आणि पृथ्वी गोल धरून अंतर काढणारे एसटी_डिस्टन्स_स्फिअर तर एसआरआयडी ० वरही रेखांश-अक्षांश असा अर्थ घेऊन मीटरमध्ये उत्तर देते. पण आपल्याकडे फिजीच्या आसपासची केंद्रे आहेत. १७९.९ आणि −१७९.९ या रेखांशांमधील अंतर सपाट गणितात ३५९.८ येते, प्रत्यक्षात विषुववृत्तावर ते सुमारे २२ किलोमीटर आहे. तेथील शेजारी केंद्रे आजवर एकमेकांच्या ‘जवळच्या’ यादीत कधीच आली नव्हती, ८.० वर ती आपोआप येऊ लागली आहेत. हे गमावून जुने वर्तन परत आणणे मला पटत नाही आणि संघालाही पटले नाही. म्हणून दुसरा पर्याय घेतला: सगळीकडे ४३२६, आणि क्रम प्रत्येक ठिकाणी उघडपणे लिहिलेला.

शुक्रवार, ७ मार्च

कोडमधील बदल चाचणी सर्व्हरवर चढवले.

वाचताना एसटी_एक्स आणि एसटी_वाय यांचा वापर पूर्ण बंद केला असून त्यांच्या जागी एसटी_लाँजिट्यूड आणि एसटी_लॅटिट्यूड ही ८.०.१२ पासून उपलब्ध असलेली फंक्शने घातली आहेत. त्यांचे नावच अर्थ सांगते, आणि भौगोलिक नसलेल्या एसआरआयडीचा बिंदू दिल्यास ती निमूटपणे काहीतरी परत न करता त्रुटी देतात. आयातीत मजकुराचा क्रम उलटवण्याऐवजी एसटी_जिओमफ्रॉमटेक्स्टच्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये ‘ॲक्सिस-ऑर्डर=लाँग-लॅट’ हा पर्याय दिला. पुरवठादारांच्या फायलींत रेखांश आधी असतो. फाइल, प्रोग्रॅम आणि क्वेरी या तिन्हींत एकच क्रम दिसला, तर सहा महिन्यांनी ते कोड वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. हा पर्याय ५.७ ला समजत नाही, तेव्हा मागे फिरण्याची वेळ आल्यास आयातीची जुनी प्रतही सोबत परत न्यावी लागेल. तशी नोंद परतीच्या योजनेत केली.

प्रशासकीय पानावर पॉइंट फंक्शनभोवती एसटी_एसआरआयडी लावून ४३२६ चा शिक्का मारला. एसटी_एसआरआयडी संख्यांना हात न लावता केवळ शिक्का बदलते, म्हणून येथे पॉइंटला आधी रेखांश आणि मग अक्षांश असाच क्रम द्यायचा आहे. एकाच डेटाबेसमध्ये मजकुराला एक क्रम आणि पॉइंटला दुसरा, ही गोष्ट खटकणारी आहे खरी; त्या ओळीवर सविस्तर टिप्पणी लिहिली आहे आणि ती ‘अनावश्यक’ म्हणून कोणी काढू नये.

सोमवार, १० मार्च

उत्तरे बरोबर येऊ लागल्यावर ती फार उशिरा येतात हे दिसू लागले. क्वेरी कशी चालते ते दाखवणारे एक्सप्लेन चालवल्यावर भौगोलिक इंडेक्स (बिंदू लवकर शोधण्यासाठीची सूची) असूनही क्वेरी संपूर्ण टेबल वाचत असल्याचे आढळले. कारण मायएसक्यूएलच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे: ८.० मध्ये स्तंभाच्या व्याख्येतच एसआरआयडी नमूद केलेला नसेल, तर ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, त्या स्तंभावरील भौगोलिक इंडेक्सकडे पूर्ण दुर्लक्ष करतो. जुना इंडेक्स टिकून राहतो, जागा घेतो, लेखनाचा वेळही खातो, पण वाचनाला उपयोगी पडत नाही. नवा इंडेक्स बनवताना निदान तशी सूचना मिळते. अपग्रेडमधून आलेल्या इंडेक्सबद्दल कोणी काही सांगत नाही.

स्तंभाला एसआरआयडी द्यायला गेल्यावर अडथळे एकामागून एक आले आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असल्याने तो लिहून ठेवत आहे. स्तंभावर भौगोलिक इंडेक्स असताना एसआरआयडी बदलता येत नाही, ३६४४ ही त्रुटी येते. म्हणून आधी इंडेक्स काढावा लागतो. मग टेबलात वेगळ्या एसआरआयडीची एक ओळ जरी असली तरी ३६४३ येते; म्हणून प्रशासकीय पानातून आलेल्या ० एसआरआयडीच्या ओळींवर आधी शिक्का मारावा लागतो. ते करताना काही ओळी नाकारल्या गेल्या, कारण त्यांत रेखांश नेमका −१८० होता. ८.० ची रेखांशाची मर्यादा −१८० वगळून आणि १८० धरून आहे, तेव्हा −१८० ऐवजी १८० लिहावे लागले. जागा तीच राहते. त्यानंतरच स्तंभाची व्याख्या ‘नॉट नल, एसआरआयडी ४३२६’ अशी बदलता आली आणि शेवटी इंडेक्स पुन्हा बांधला. मुख्य सर्व्हरवर हे काम रात्री, टेबलातील लेखन बंद ठेवून केले.

या बदलाचा दुसरा लाभ इंडेक्सपेक्षाही मोलाचा वाटतो. आता या स्तंभात ४३२६ सोडून दुसऱ्या एसआरआयडीचा बिंदू घुसूच शकत नाही. नजरेतून सुटलेली चौथी एखादी वाट असेल, तर ती उद्या त्रुटी देऊन स्वतःच समोर येईल.

एसटी_डिस्टन्स किंवा एसटी_डिस्टन्स_स्फिअर यांच्या अटीला इंडेक्स लागू होत नाही, हे पूर्वीही होते आणि आताही आहे. म्हणून ‘जवळची केंद्रे’ या क्वेरीत आधी चौकटीची अट आणि नंतर नेमक्या अंतराची अट ठेवली. चौकटीची रुंदी काढताना रेखांशाच्या अंशांना अक्षांशाच्या कोसाइनने भागले आहे आणि थोडी सैल जागा सोडली आहे.

बुधवार, १२ मार्च

नकाशाच्या चौकटीबाबत एक सूक्ष्म तक्रार: पडद्याच्या खालच्या कडेजवळची काही केंद्रे नकाशा थोडा सरकवल्यावरच उगवतात, आणि वरच्या कडेपलीकडची काही केंद्रे यादीत नाहक येतात. पडदा जितका रुंद भाग दाखवतो, तितका दोष वाढतो.

कोड जुने आहे: एसटी_मेकएन्व्हलपने दोन कोपऱ्यांमधून चौकट बनवायची आणि एसटी_कंटेन्सने बिंदू तपासायचा. एसटी_मेकएन्व्हलप भौगोलिक एसआरआयडीवर चालत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात ती चौकट एसआरआयडी ० मध्ये बांधून मग तिच्यावर ४३२६ चा शिक्का मारला होता. क्वेरी चालू लागली, पण शिक्का बसताच चौकटीच्या कडांचा अर्थ बदलतो. सपाट गणितात दोन कोपऱ्यांना जोडणारी रेषा एकाच अक्षांशावरून जाते. भौगोलिक गणितात ती पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळची वाट असते, आणि उत्तर गोलार्धात ती मधोमध उत्तरेकडे फुगते. लांब पल्ल्याच्या विमानाची वाट नकाशावर वाकडी दिसते ती याचमुळे.

हा फुगवटा किती, ते हिशेबाने काढले. मध्यावरील अक्षांशाचा टॅन्जंट हा कोपऱ्याच्या अक्षांशाच्या टॅन्जंटला रुंदीच्या निम्म्याच्या कोसाइनने भागून मिळतो. २० अक्षांशावर एक अंश रुंद चौकटीत तो ८० मीटरहूनही कमी भरतो, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. ५० अक्षांशावर दहा अंश रुंद चौकटीत मात्र तो सुमारे १२ किलोमीटर होतो. वरची आणि खालची अशा दोन्ही कडा उत्तरेकडे सरकत असल्याने वर जादा केंद्रे येतात आणि खाली गळतात. तक्रार अगदी याच शब्दांत आली होती. दक्षिण गोलार्धात दिशा उलटी.

उपाय असा केला: विषुववृत्ताकडील कड फुगवट्याइतकी बाहेर ओढून चौकट मोठी करायची, इंडेक्सच्या मदतीने तिच्यातील बिंदू घ्यायचे आणि मग एसटी_लॅटिट्यूड व एसटी_लाँजिट्यूड यांच्यावर साध्या ‘बिट्वीन’ अटी लावून पडद्याइतकेच बिंदू ठेवायचे. नकाशावर अक्षांश आडव्या सरळ रेषेत दिसतात, तेव्हा पडद्याच्या चौकटीसाठी साधी तुलनाच योग्य आहे. चौकट १८० रेखांश ओलांडत असेल, तर तिचे दोन तुकडे करतो. आणि वापरकर्ता इतका दूर गेला की पडद्यावर सारे जग आले, तर भौगोलिक अट लावतच नाही. तेथे −१८० ची मर्यादा आड येते, शिवाय अर्ध्या पृथ्वीएवढ्या रुंद कडेची ‘जवळची वाट’ कोणत्या बाजूने, या प्रश्नाला उत्तरही उरत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

अपग्रेडनंतर आणि आयात थांबेपर्यंतच्या काळात उलटे साठवले गेलेले बिंदू आज दुरुस्त केले. एसटी_स्वॅपएक्सवाय येथे नियमाने चालले असते, कारण बाधित ओळी दाखल झाल्याची वेळ आणि स्रोताचे नाव यांवरून निवडता येतात. तरीही ते वापरले नाही. ती क्रिया दुसऱ्यांदा चालली की पहिल्यांदाचे काम पुसून टाकते, आणि रात्रीची कामे मधेच तुटून पुन्हा सुरू होणे आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याऐवजी पुरवठादारांच्या मूळ फायलींतून रेखांश आणि अक्षांश पुन्हा वाचून बिंदू नव्याने लिहिले. हे कितीही वेळा चालवले तरी परिणाम एकच राहतो. फायली ठेवलेल्या होत्या म्हणून हे जमले. त्या काळात जिओजेसन निर्यात उचललेल्या ग्राहकांना बाधित केंद्रांची यादी पाठवली आहे.

अंतरांच्या जुन्या अहवालांशी ताडून पाहताना शेवटच्या अंकांत फरक दिसतो, त्याचेही कारण नोंदवतो. एसटी_डिस्टन्स_स्फिअरची मूळ त्रिज्या एसआरआयडी ० साठी ६३,७०,९८६ मीटर आहे, तर भौगोलिक एसआरआयडीसाठी ती लंबवर्तुळाच्या दोन अक्षांवरून काढलेली सरासरी असते, ४३२६ साठी जवळपास ६३,७१,००९ मीटर. हजार किलोमीटरमागे हा फरक चार मीटरच्या आतला आहे. अहवाल पूर्वीसारखेच हवे असतील तर त्रिज्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये देता येते, पण तशी मागणी आलेली नाही आणि येऊ नये असे वाटते.

सोमवार, १७ मार्च

आयात पुन्हा सुरू केली. तिच्या आधी चालणाऱ्या चाचणीत आता टोकियो, नैरोबी, कैरो आणि १८० रेखांशालगतचा एक बिंदू असे चार बिंदू ठेवले आहेत. प्रत्येक बिंदू तिन्ही वाटांनी आत घातला जातो आणि हेक्स, एसटी_लॅटिट्यूड व जिओजेसन अशा तिन्ही प्रकारांनी बाहेर काढून ताडला जातो. कैरोचा बिंदू काढून त्या जागी ‘अधिक स्पष्ट’ असा एखादा बिंदू घालावा, अशी सूचना आली होती, ती स्वीकारली नाही. मर्यादा ओलांडून किंवा समुद्रात जाऊन स्वतःहून ओरडणारे बिंदू चाचणीत आहेतच, गप्प बसणारा हा एकच आहे.

प्रलंबित: केंद्रांच्या सेवाक्षेत्रांचे बहुभुज दुसऱ्या टेबलात आहेत आणि त्यांच्या स्तंभाला अद्याप एसआरआयडी दिलेला नाही. तेथेही कडांच्या फुगवट्याचा प्रश्न आहे, पण ती क्षेत्रे काही किलोमीटरचीच असल्याने त्याचा परिणाम नगण्य राहील. त्या टेबलाचे काम पुढील आठवड्यात, इंडेक्स काढणे, शिक्का, स्तंभ आणि पुन्हा इंडेक्स याच क्रमाने करायचे आहे.